लिथियम सात वजा एक

जगातली प्रत्येक वस्तू सूक्ष्म कणांची बनलेली असते, आणि प्रत्येक कण कुठल्या ना कुठल्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. पहिले सत्य शास्त्रज्ञांनी शोधले. दुसरे मी आश्रमशाळेत नोकरीला लागल्यावर शोधले. ही दोन्ही सत्ये डोळ्यांना दिसत नाहीत आणि दोन्ही भोगावी लागतात, एवढे त्यांच्यात साम्य आहे.

आमची शाळा सूर्यमाळ गावाच्या वरच्या अंगाला होती. नाव देत नाही. ओळखणारे ओळखतील आणि न ओळखणाऱ्यांचे नावावाचून काही अडत नाही. मी तिथे मराठी शिकवीत असे. विज्ञान शिक्षकाची जागा रिकामी होती. (शाळा सुरू झाल्यापासून बदली न झालेली ती एकमेव जागा, म्हणून तिच्याविषयी आम्हा सर्वांना आदर होता.) त्यामुळे विज्ञान पुस्तकातून थेट मुलांकडे जाई, मध्ये अडवायला कोणी नसे.

सामग्रीच्या बाबतीत मात्र आम्ही मागास नव्हतो. वावर-वांगणीला कुपोषणाने बालके दगावली, त्यानंतर आमच्या डोंगरात पाहुण्यांची आणि वजनकाट्यांची मोठी आवक झाली. टांगायचे काटे आले, उभे राहायचे आले, झोळीचे आले. मुलांना काय खायला घालावे याबद्दल तज्ज्ञांत मतभेद होते. त्यांचे वजन करावे याबद्दल एकमत होते. आमच्या वाट्याला आलेले काटे एकमेकांशी कधीच सहमत नसत, तेव्हा पाहुणा कोण आहे हे बघून कोणता काटा बाहेर काढायचा ते आम्ही ठरवीत असू.

अशा समृद्धीच्या काळात, म्हणजे सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर, ठाण्याला जिल्ह्याचे विज्ञान प्रदर्शन भरणार असल्याचे परिपत्रक आले. विषय होता ‘अणूची रचना’. अट होती, ‘स्थानिक पातळीवर उपलब्ध संसाधनांचा वापर करावा’. मुख्याध्यापक सुदर्शन भोये यांनी स्थानिक पातळीवर काय उपलब्ध आहे याची पाहणी केली. दगड, सागाची पाने आणि मुले. दगड हलेनात, पाने सुकली होती, म्हणून मुलांचा जिवंत अणू करायचे ठरले.

भोये सर हा माणूस सरळ. पुस्तकात छापलेले ते खरे मानत आणि खरे ते करून दाखवावे असे मानत. सरकारी नोकरीत या दोन्ही खोडी धोक्याच्या. त्यांनी मूलद्रव्यांचा तक्ता भिंतीला लावला आणि आम्ही निवड सुरू केली. हायड्रोजनमध्ये एका मुलाने बसायचे आणि दुसऱ्याने त्याच्याभोवती पळायचे असते. ते शिक्षेसारखे दिसले असते. युरेनियमसाठी तालुका पुरला नसता. शेवटी लिथियमवर शिक्कामोर्तब झाले. सर्व धातूंत हा सर्वांत हलका. आमच्या मुलांना तो जमेल असे सर्वानुमते वाटले.

लिथियमच्या अणूत तीन प्रोटॉन, तीन इलेक्ट्रॉन आणि चार न्यूट्रॉन असतात. मध्यभागी प्रोटॉन-न्यूट्रॉनांनी दाटीवाटीने बसायचे, बाहेरून इलेक्ट्रॉनांनी फेऱ्या मारायच्या. प्रोटॉनवर धन प्रभार असल्यामुळे त्या पदांची भरती शिफारशीने झाली. वसतिगृहाच्या अधीक्षकांचा मुलगा कमलेश पहिला प्रोटॉन झाला. दुसरा सरपंचांचा भाचा, तिसरी रेशन दुकानदाराची मुलगी. इलेक्ट्रॉन म्हणून पळण्यात तरबेज असलेली तीन पोरे घेतली. इलेक्ट्रॉनचे वजन प्रोटॉनच्या सुमारे अठराशेव्या भागाएवढे असते. तालुक्यातली सर्व परिस्थिती अनुकूल असूनही इतके हलके मूल आम्हाला सापडले नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

न्यूट्रॉनसाठी कोणाचीच शिफारस आली नाही. त्याला ना धन ना ऋण. तो कोणाला ओढत नाही, ढकलत नाही, नुसता बसतो. वर्गात मागच्या भिंतीला टेकून नुसती बसणारी मुले आमच्याकडे पुष्कळ होती. त्यांतून चार उचलली. त्यांत एक होती सकू. सहावीतली, पण अंगाने तिसरीतली वाटावी अशी. तिला प्रश्न विचारला की ती उभी राही आणि उत्तर येत नसले तरी बसायला विसरे, कारण मधल्या वेळात तिला झोप लागलेली असे.

आता सोंगांचा प्रश्न आला. आमच्या भागात बोहाडा होतो हे सर्वांना ठाऊक आहे. होळीनंतरच्या दिवसांत देवांचे आणि राक्षसांचे भलेमोठे मुखवटे, म्हणजे सोंगे, तोंडाला बांधून लोक संबळाच्या तालावर नाचतात. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हे आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. ज्या घराकडे सोंग, त्या घराला मान. ज्यांच्याकडे नाही, ते बघ्यांत. तेव्हा अणूलाही सोंगे हवीतच, म्हणून जव्हारच्या बाजूचा मुखवटे करणारा देवराम याला बोलावले.

“गुरुजी, ह्यो प्रोटॉन देव का राक्षस?” त्याने विचारले.

“धन आहे.”

“मंग देव. आन् इलेक्ट्रॉन?”

“ऋण.”

“त्यो राक्षस. आन् ह्ये चार?”

मी म्हणालो, “हे न्यूट्रॉन. देवही नाहीत, राक्षसही नाहीत. कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण वजन पुष्कळ.”

देवरामने थोडा विचार केला. “सायेब हाय म्हना ना,” तो म्हणाला, आणि न्यूट्रॉनच्या सोंगाला त्याने चष्मा आणि अर्धवट मिटलेले डोळे काढले.

इथवर सारे सुरळीत चालले होते. मग भोये सरांनी पुस्तकाचे पुढचे पान उलटले. तिथे स्पष्ट छापले होते की, न्यूट्रॉनचे वस्तुमान प्रोटॉनपेक्षा किंचित जास्त असते.

काटा काढला. (शासकीय पाहुण्यांसाठीचा नव्हे, खरा.) कमलेश उभा राहिला तेव्हा काट्याची सुई दचकली. सकू उभी राहिली तेव्हा ती हलली की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. दोन न्यूट्रॉन एकत्र उभे केले तरी एक प्रोटॉन भरेना. निसर्गाने घालून दिलेल्या नियमाचा आमच्या शाळेत उघड उघड भंग होत होता, आणि तो कित्येक वर्षे होत असावा.

उपाय दोनच होते. प्रोटॉनांना उतरवणे किंवा न्यूट्रॉनांना चढवणे. पहिल्या उपायावर अधीक्षकांनी, कमलेशचे वडील म्हणून नव्हे तर विज्ञानाचे प्रेमी म्हणून, तीव्र आक्षेप घेतला. तेव्हा दुसरा उपाय मंजूर झाला. न्यूट्रॉनांना रोज एक अंडे, भाकरीवर भाकरी आणि डाळ पातेल्याच्या तळातून वाढावी, असा तोंडी आदेश स्वयंपाकघरात गेला.

पातेल्याच्या तळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या वसतिगृहात डाळ वरून वाढली जाई. खाली जे बसते ते कोणाच्या पानात जाते हा संशोधनाचा विषय होता आणि त्या विषयात कोणी संशोधन करीत नसे. स्वयंपाकीण हौशी अठरा-वीस वर्षे पळी वरच्या वर फिरवीत आली होती.

“न्यूट्रॉन कंच्या पाड्याचं?” तिने विचारले.

“पाड्याचे नाही, अणूचे,” भोये सर म्हणाले.

“मंग तळातून वाढत्ये,” हौशी म्हणाली. पाड्यांतल्या पोरांना पळी खोल घालायची नाही, असे तिला कोणीतरी सांगून ठेवलेले होते. अणूविषयी काहीच सांगितलेले नव्हते.

प्रयोगाचे निष्कर्ष असे. पहिला आठवडा काही घडले नाही. नंतर सकू तासाला जागी राहू लागली. मग तिने एका कवितेचा अर्थ विचारला. (मी मराठीचा शिक्षक, मला हा अनुभव नवा होता.) मग तालमीत कमलेशने तिला कोपराने ढकलले तेव्हा तिने त्याला उलट असे ढकलले की प्रोटॉन केंद्रातून थेट बाहेरच्या कक्षेत गेला. न्यूट्रॉनचा ‘कोणाला न ढकलणे’ हा मूळ गुणधर्म अंड्यामुळे नष्ट होतो, अशी नोंद भोये सरांनी त्रुटी म्हणून केली, पण करताना ते हसत होते. मलाही फार बरे वाटले. एक बाहेरचा इलेक्ट्रॉन बोरे खायला पळाला आणि लिथियमचा दुपारभर आयन झाला, तेही आम्ही मनावर घेतले नाही.

दिवाळी सरली. भात झोडून झाला की आमच्या डोंगरातली घरे कुलूप न लावता बंद होतात. माणसे भिवंडीकडे, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. याला इकडे ‘जगायला जाणे’ म्हणतात. सरकारी भाषेत याला स्थलांतर म्हणतात; सरकारी भाषा नेहमीच थोडे हातचे राखून बोलते. लहान पोरे मागे ठेवायला कोणी नसते, म्हणून शाळेतूनही मुले काढून नेतात. भट्टीवर ती विटा उलटतात.

सकूची आई फागी बाजाराच्या दिवशी आली.

“पोरीला न्याया आलू, गुरुजी. जगाया चाललू. ट्रक पुढच्या बाजाराला येल.”

मी सकूला हाक मारली. ती धावत आली. फागी तिच्या मागे बघत राहिली, पोरगी अजून यायची आहे असे समजून. मग तिने तिचे दोन्ही दंड हातात धरले, सोडले, पुन्हा धरले.

“काय केला हिला?”

“न्यूट्रॉन केला.”

“त्याला काय करावा लागतं?”

“काही नाही. सोंग घालून बसायचं आणि खायचं.”

फागी पायरीवर बसली. मग म्हणाली, “बोहाड्यात आमच्या घराला सोंग नाय, गुरुजी. माझा सासरा बी बघ्यांत, नवरा बी बघ्यांत. आता पोरीला गावलाय तर ह्ये सोंग आमच्या घरचं झाला. सोंग घरात आला का सोडाया नाय. पोर हितंच ऱ्हाऊ दे.”

न्यूट्रॉनपद वंशपरंपरागत नसते हे मी तिला सांगायला हवे होते असे नियम म्हणतो. पण प्रोटॉनांची भरती कशी झाली हे मला माहीत असल्यामुळे मला ते सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी ती धाकट्या रुपीला घेऊन आली. रुपी अजून शाळेच्या वयाचीही नव्हती. “हिला बी न्यूट्रॉन करा,” फागी म्हणाली. “घरचाच मान हाय.”

असतील शिते तर जमतील भुते. पाड्या-पाड्यांतून आया येऊ लागल्या. जगायला निघालेल्या बाया डोक्यावरचे बोचके शाळेच्या पायरीवर ठेवून न्यूट्रॉनची चौकशी करू लागल्या. सूर्यमाळच्या इतिहासात अणुविज्ञानाबद्दल एवढी आस्था पूर्वी कधी दिसली नव्हती.

भोये सर पेटले. जव्हारच्या एका प्राध्यापक मित्राकडून त्यांनी जाडजूड ग्रंथ आणला. त्यात होते की, एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू असतात. त्यांना समस्थानिके म्हणतात. लिथियममध्ये चारच काय, आठपर्यंत न्यूट्रॉन राहू शकतात. “म्हणजे अजून चार पोरं बसतात,” सर मला म्हणाले. त्यांनी वरच्या कार्यालयाकडे वाढीव न्यूट्रॉनांची मागणी केली.

मागणी पोचताच साहेब स्वतः आले. ट्रकही त्याच दिवशी आला होता आणि खालच्या वळणावर उभा होता. फागी, रुपी आणि बाकीच्या बाया कुंपणापाशी थांबल्या. साहेबांनी चष्मा लावून न्यूट्रॉनचे सोंग हातात घेतले.

“हा चेहरा कोणाचा?”

“न्यूट्रॉनचा, साहेब.”

“ओळखीचा वाटतो,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसून त्यांनी तो जाड ग्रंथ मागवला. हे मान्य केले पाहिजे की त्यांनी तो वाचला. असे साहेब दुर्मिळ. न वाचता निर्णय घेणारे साहेब आम्हाला परवडले असते.

“लिथियम आठ, म्हणजे पाच न्यूट्रॉनवाले,” ते म्हणाले, “एका सेकंदाच्या आत फुटते. पुढची त्याहून लवकर. एका सेकंदासाठी अंडे मंजूर करता येत नाही.” रुपीचा अर्ज अशा प्रकारे अस्थिरतेच्या कारणावरून निकाली निघाला.

मग त्यांचे बोट ग्रंथातल्या तक्त्यावर वर सरकले. “लिथियम सहा. तीन प्रोटॉन, तीनच न्यूट्रॉन. निसर्गात आढळते. टिकाऊ आहे. गुणधर्म तेच. मग तुमच्याकडे चौथा न्यूट्रॉन कशासाठी?”

“साहेब, शंभरातले ब्याण्णवच्या वर अणू सातचेच असतात,” भोये सर म्हणाले.

“बहुतेक जण खातात म्हणून सगळ्यांनी खावे असे नसते.”

चारांतला कोणता न्यूट्रॉन कमी करायचा यावर विज्ञान काही सांगू शकत नाही. त्याच्या दृष्टीने सगळे न्यूट्रॉन सारखे. प्रशासन सांगू शकते. चौघांना काट्यावर उभे केले. सकू सर्वांत जास्त भरली. “हिचे उद्दिष्ट पूर्ण झाले आहे,” साहेब म्हणाले. “आता हिला योजनेची गरज नाही.” ज्याला गुण आला त्याचे औषध बंद करायचे, यात कोणालाही खोट काढता येणार नाही.

“आणि या तिघांचे वजन अजून प्रोटॉनला पुरत नाही, साहेब,” भोये सर म्हणाले. त्यांनी हात जोडायचे तेवढे बाकी होते. “त्यांचे अंडे तरी...”

“सोंगांच्या आत नदीची वाळू भरा,” साहेब म्हणाले. “वाळू नासत नाही.”

खाली ट्रकचा भोंगा वाजला. मी सकूला सांगितले. काय सांगितले ते नीट आठवत नाही. समस्थानिकांबद्दल काहीतरी होते. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “म्हंजी माझ्याशिवाय बी लिथियम होतो?”

“होतो,” मी म्हणालो. पुस्तकात तसेच होते.

फागी पुढे झाली. तिने टेबलावरचे चष्म्याचे सोंग उचलले, पदराखाली घेतले आणि एका हाताने रुपीला, दुसऱ्या हाताने सकूला धरून उताराला लागली. शासकीय मालमत्ता चालली होती, पण साहेब चहा पीत होते. सोंग घरचे होते, ते घरी गेले. ट्रकच्या फळीवरून बराच वेळ ते अर्धवट मिटलेले डोळे शाळेकडे बघत असलेले मला दिसत होते. मला फार वाईट वाटले. (कार्यालयीन वेळ संपल्यावर.)

ठाण्याच्या प्रदर्शनात आमच्या ‘जिवंत लिथियम सहा’ला पहिले पारितोषिक मिळाले. पोरांना तालमीची सवय झाली होती. ती केंद्रात बसली ती सकूची जागा सोडूनच. कितीदा सांगितले तरी सरकेनात. परीक्षकांनी त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून विचारले, हे काय? भोये सर पोरांना सरकायला खुणावू लागले. तेव्हा परीक्षक स्वतःच म्हणाले, “वा. अणूच्या आत बरीचशी जागा रिकामी असते, हे इतक्या सुंदर रीतीने आजवर कोणी दाखवले नव्हते.” टाळ्या झाल्या. सोंगांतल्या वाळूने तिघांच्या माना दुखत होत्या, पण वजन शास्त्रशुद्ध होते.

जूनमध्ये सकू परत आली. हाताला विटांचे घट्टे पडले होते. काट्यावर उभी केली. ती पुन्हा योजनेला पात्र झाली होती. परंतु त्या वर्षी प्रदर्शनाचा विषय सौरचूल हा होता, त्याला मुले लागत नाहीत. हौशीची पळी वरच्या वर फिरू लागली. सकू मागच्या भिंतीला टेकून बसली आणि श्रावणापर्यंत उभ्या उभ्या झोपायला पुन्हा शिकली. भोये सरांची बदली झाली. विज्ञानाची जागा अजून आहे तिथेच आहे.

राहता राहिला इलेक्ट्रॉन. त्याच्याबद्दल मी फारसे सांगितले नाही. तो केंद्रापासून लांब, आपल्या कक्षेत फिरत असतो. चपळ असतो, चमकतो, सगळा बोलबाला त्याचाच. केंद्रातला एखादा न्यूट्रॉन गेला तर त्याच्या फिरण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, म्हणून तर सातचे काय आणि सहाचे काय, लिथियम ते लिथियमच राहते. वाचकांना हे लागू नाही, असे वाचक म्हणतील. त्यांनी इथवर वाचले, सकूसाठी हळहळलेही असतील, आणि ते मी नाकारीत नाही. फक्त न्यूट्रॉन चार होते. बाकीच्या तिघांची नावे मी सांगितली नाहीत आणि तुम्हीही विचारली नाहीत. कमलेशचे मात्र तुमच्या लक्षात असेल.